मोडक्या होडीचा पंच

चौकच्या किनाऱ्यावर धर्माजी तांडेलाला कुणी काही फुकट देऊ केलं, तर तो आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा आणि मग वस्तूकडे. घ्यायचा बहुतेक वेळा नाहीच. शाळेत सरकारी दुधाची पावडर आली तेव्हा गावातली पोरं वाट्या घेऊन धावली. धर्माजीने आपल्या मुलीच्या, शालूच्या, वाटीतली पावडर कालवून मांजरीपुढे ठेवली आणि दोन दिवस त्या मांजरीच्या मागे फिरला. मांजर टुणटुणीत राहिली. तरी तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मांजरीचा काय, ती कोनाचा पन खातंय."

अंगाने सडपातळ, दर्याच्या वाऱ्याने चामडं सुकवलेलं, कानात भिकबाळी आणि एक डोळा कायम बारीक केलेला. लोक म्हणायचे, उन्हामुळे. त्याची बायको कृष्णाबाई म्हणायची, "ऊन कसला? जन्मल्यापास्ना त्यो डोला तसाच हाय. सुइनीकरं पन तसाच बघला व्हता."

सरकारवर त्याचा विशेष राग नव्हता. विश्वास नव्हता, एवढंच. मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी गोपीनाथ हा गावातला मॅट्रिक झालेला एकटा माणूस, खिशाला पेन लावून फिरायचा. भाईंदरहून एसटीने आला की हातात पेपर असायचाच. सरकार धक्का बांधतंय, सरकार बर्फाचा कारखाना काढतंय, असं काही वाचून दाखवायचा. धर्माजी जाळं शिवता शिवता विचारायचा,

"गोपीनाथ, सरकाराची डोल कंच्या बाजूला लावलेली हाय रं?"

डोल म्हणजे समुद्रात खुंट रोवून लावायचं लांब पिशवीसारखं जाळं. गावाचं पोट त्याच्यावर.

"सरकारची कसली डोल, धर्माजीकाका?"

"न्हाय ना? होरी पन न्हाय. सरकार दर्यान जात न्हाय, भिजत न्हाय. मंग वाटाला मासली कुठशी आनतंय?"

"कर असतात, काका. पैसा जमा होतो."

"म्हंजे आपल्याच पाटीतली. एक पाटी घेनार, वाटेत अर्धी खानार, आन् रायलेली आपल्यालाच वाटून वर फोटू कारनार."

माणसं हसायची. गोपीनाथही हसायचा, पण त्याला ते झोंबायचं.

धर्माजीच्या या बोलण्याला एक आधार होता. चौकमध्ये जुनी रीत होती, गावपाटीची. होडी भरून आली की एक पाटी मासळी गावाच्या नावाने बाजूला काढायची आणि किनाऱ्यावरच तिचा लिलाव करायचा. तो पैसा गावच्या लोखंडी पेटीत. होडी मोडली तर त्या पेटीतून लाकूड यायचं आणि घरटी एक माणूस मजुरी न घेता कामाला उभा राहायचा. अट एकच होती. मालकाने आपल्या मोडक्या होडीला पहिला हात स्वतः लावायचा, त्याशिवाय गाव हात लावणार नाही.

ती पेटी सात वर्षं धर्माजीच्या घरात होती. होळीला बँड आणायचा म्हणून तरणी पोरं मागायला आली, धर्माजी नाही म्हणाला. देवळाला लाउडस्पीकर घ्यायचा म्हणून जाणती माणसं आली, त्यांनाही नाही म्हणाला. "ह्यो पैसा वादलाचा हाय. वादल इल तवा त्याला काय बँड वाजवून दाखवनार?" या एका वाक्यावर त्याने सात वर्षं काढली आणि निम्म्या गावाच्या शिव्या खाल्ल्या.

एकोणसत्तर साली कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी वादळ आलं.

दुपारपासून रात्रीपर्यंत वारा घुमला. माणूस एकही गेला नाही, ती देवाची कृपा. पण नांगरावरच्या अकरा होड्यांतल्या सहा खडकावर आपटल्या. धर्माजीच्या होडीचं सुकाणू गेलं आणि दोन फळ्या उचकटल्या. त्याचा धाकटा भाऊ नाथा याच्या होडीच्या तीन फळ्या एका कुशीला गेल्या. बाकी चौघांचंही असंच, थोडं कमी थोडं जास्त. कणा, म्हणजे होडीच्या तळचं सबंध लांब लाकूड, कुणाचाच मोडला नव्हता.

बोंबलाचा हंगाम तोंडावर होता. दिवाळीपासून पुढचे तीन महिने दर्या देतो ते देतो. या महिन्यांत वलांड्यांवर, म्हणजे बांबूंच्या मांडवांवर, बोंबील सुकत असतात आणि तेच पावसाळ्यात घर चालवतात. धर्माजीने दुसऱ्याच दिवशी पेटी उघडली, चेण्याच्या जंगलाकडे लाकडाला माणूस धाडला आणि स्वतः होडीखाली शिरला.

तिसऱ्या दिवशी गोपीनाथ एसटीतून जवळजवळ उडी मारूनच उतरला. देवळापुढे माणसं जमली.

"सरकारने मदत जाहीर केलीय. होडी पूर्ण नष्ट झाली असेल तर पंधराशे रुपये. अंशतः मोडली असेल तर दीडशे."

पंधराशे हा आकडा ऐकून मागची माणसं पुढे सरकली.

"एक अट आहे," गोपीनाथ म्हणाला. "तलाठी भाऊसाहेब येऊन पंचनामा करतील. तोपर्यंत होडीला हात लावायचा नाही. दुरुस्त केलेली होडी मोडलेली धरत नाहीत."

"भाऊसाहेब कवा येनार?" धर्माजीने विचारलं.

"येतील आठ-पंधरा दिवसांत."

"कोनी सांगला?"

"कचेरीत सांगितलं."

"कचेरीन कोनी? नाव सांग."

गोपीनाथला नाव सांगता आलं नाही. धर्माजीचा तो डोळा आणखी बारीक झाला. "आपली रीत काय हाय? मालकाचा हात पयला. त्यांची रीत काय हाय? मालकानं हात लावायचा न्हाय. हितंच कायतरी वाकरा हाय. मोरलेल्या होरीला हात नको लावू, असा सांगनारा मानूस मी पयल्यांदा बघतंय."

"तुमी आपली पेटी सांबाला," कुणीतरी मागून म्हणालं. "ती फुटंल म्हनून भ्या वाटतंय तुमाला."

त्यावर मोठा हशा झाला. नाथाही हसला. नाथा धर्माजीपेक्षा बारा वर्षांनी लहान, हौशी, मनाचा मोकळा. पंधराशे आले की जुनी होडी काढून मशीनची होडी करायची, असं तो त्याच संध्याकाळी बायकोला, लक्ष्मीला, सांगत होता. पलीकडच्या ओट्यावर धर्माजी ऐकत होता.

धर्माजीच्या होडीवर घरटी एक माणूस यायला हवा होता. तिघेच आले. अकरा दिवस लागले. फटींत तेलातला कापूस ठासून, तळाला डांबर फासून होडी बाराव्या दिवशी पाण्यात गेली. कृष्णाबाई नवऱ्याला जेवायला वाढताना म्हणाली, "दीडशे रुपये पान्यान गेले तुजे."

"माजे व्हते कवा?"

"मिलाले असते."

"मिलाले असते, मिलाले असते," धर्माजी घास चावत म्हणाला. "त्या दीडशाची आमटी कर उद्या."

आठ दिवस गेले, पंधरा गेले. भाऊसाहेब आले नाहीत. गोपीनाथ दोनदा कचेरीत जाऊन आला. एकदा साहेब दौऱ्यावर होते, एकदा फॉर्म संपले होते. पाच होड्या वाळूत कुशीवर पडून राहिल्या. उघड्या फळ्यांना ऊन लागून चिरा पडायला लागल्या, कावळे आत बसायला लागले. त्यांच्या मालकांच्या वलांड्या नुसत्या बांबूंच्या उभ्या. लक्ष्मी दुसऱ्यांच्या होड्यांतली मासळी विकत घेऊन भाईंदरच्या बाजारात बसायला लागली. तिच्या पाटीत पूर्वी बोंबील मावत नव्हते, आता पाटीचा तळ दिसायचा. धर्माजी रोज एक चिंबोरी किंवा चार बोंबील तिच्या ओट्यावर ठेवून जायचा. हे फुकटच होतं, पण त्यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं. आपल्या जाळ्यातलं आपण द्यायचं, ते वेगळं.

"नाथ्या," तो एकदा भावाला म्हणाला, "पेटीन अजून लाकराचा पैसा हाय. हात लाव. मी मानसा उभी करतंय."

"अजून चार दिस बघू, दादूस. येवरे दिस थांबलो, आता हात लावला तर सगला फुकट."

धर्माजीला त्या उत्तराची भीती वाटली. सरकारच्या पैशाची त्याला जी शंका होती ती अशी धड शब्दांत त्याला कधी मांडता आली नव्हती. ती आता समोर बसून विडी ओढत होती. न आलेल्या पैशाने माणूस बांधून घातला होता.

आणि मग गावात कुजबुज सुरू झाली. भाऊसाहेब कडक आहेत, कणा शाबूत असेल तर 'अंशतः' लिहितात, आणि दीडशेच्या वर एक पैसा नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी, ओहोटीच्या वेळी, धर्माजी सकाळची मासळी घेऊन परत येत होता. होडी किनाऱ्याला लागायच्या आधीच त्याला आवाज आला. लाकडावर लोखंडाचा. ठोकण्याचा आवाज वेगळा असतो, ठोकणारा मध्ये थांबतो, बघतो. हा थांबत नव्हता.

नाथा होडीच्या पोटात उभा राहून कुऱ्हाडीने कणा तोडत होता. भरदिवसा. थोड्या अंतरावर बाकीचे चार मालक उकिडवे बसून बघत होते, जसं कुणाचं तरी प्रेत बांधताना बघावं. कोळी माणूस होडीत चप्पल घालूनही चढत नाही.

धर्माजी कमरेएवढ्या पाण्यातून वर आला. नाथाने त्याला पाहिलं, दोन घाव आणखी घातले आणि घाम पुसला.

"वादलानी अर्धा काम ठेवलाता, दादूस. मी पुरा केला."

धर्माजीने तुटलेल्या कण्याकडे बघितलं. बाकीच्या चौघांकडे वळून त्याने विचारलं, "तुमच्या कुरारी कुठं हायत?"

एकजण खाली बघत म्हणाला, "पयला नाथाचा काय होतंय ते बघू."

भाऊसाहेब त्रेचाळिसाव्या दिवशी आले. पांढरा शर्ट, पायात वाळू गेलेले बूट, बगलेत फाइल. घामाने निथळत होते. माणूस वाईट नव्हता. वेळ लागला म्हणून त्यांनी स्वतःहून सांगितलं, की सहा गावं एकट्याच्या अंगावर आहेत. मग म्हणाले, "दोन पंच पाहिजेत. होडी मोडूनही ज्याने स्वतः अर्ज केलेला नाही असा एक पाहिजे, म्हणजे वर कुणी बोट ठेवणार नाही."

मोडलेल्या सहांतला अर्ज न केलेला एकच होता. एक पंच गोपीनाथ, दुसरा धर्माजी.

पहिल्या चार होड्यांचं काम झटपट झालं. फळ्या मोजल्या, 'अंशतः' लिहिलं, गोपीनाथने सही केली, धर्माजीने अंगठा दिला. मग सगळे नाथाच्या होडीपाशी आले. लक्ष्मी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. कृष्णाबाई तिच्या बाजूला.

भाऊसाहेब वाकले. वादळात उचकटलेल्या फळ्यांची तोंडं खाऱ्या हवेने काळवंडली होती. कणा मात्र पिवळाधमक, नव्या पाटासारखा. त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं.

"या वादळाला धार बरीच होती," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. त्यांनी पेन उघडलं. "पूर्ण नष्ट लिहितो. सही करा."

गोपीनाथने सही केली. शाईचा डबा धर्माजीपुढे आला. त्याने हात मागे बांधले.

"भावसायब, तुमी बघला ना?"

"मी बघितलं ते मी बघितलं. तुम्ही अंगठा द्या. तुमचा भाऊ आहे ना? त्याचं भलं होईल. माझ्या खिशातून जात नाही, तुमच्याही जात नाही."

"मंग कोनाच्या?"

"सरकारच्या."

"सरकाराच्या सदऱ्याला खिसा कंच्या बाजूला असतंय?"

भाऊसाहेब कंटाळून म्हणाले, "अहो तांडेल, मला उत्तनला अजून नऊ होड्या बघायच्यात."

"तिथं पन येक मानूस कुरार घेऊन बसलेला आसंल," धर्माजी म्हणाला. "हितं मी अंगठा दिला का उद्या हे चारीजन कुरारी कारतील, नव्या अर्जाला. पुरच्या साली वादल नसला तरी वादल इल गावान. मी सांगतंय त्येवरा लिवा. तीन फल्या वादलान गेल्या. त्याला माजा अंगठा."

"आणि कणा?"

धर्माजी नाथाकडे बघत राहिला. नाथाच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

"कना वादलान न्हाय गेला," धर्माजी म्हणाला.

भाऊसाहेबांनी 'पूर्ण नष्ट' वर रेघ मारली आणि वर 'अंशतः' लिहिलं. कदाचित त्यांना सुटल्यासारखंही वाटलं असेल, सांगता येत नाही. धर्माजीने अंगठा दिला. लक्ष्मी रडली नाही. तिने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि घराकडे चालायला लागली. नाथा भावाच्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला,

"येवरा सरकार तुना सगा वाटतंय, तर त्याच्याच घरी जेव. माज्या दारान येऊ नको."

त्या दिवशी कृष्णाबाईने भात वाढला आणि समोर बसली.

"खरा बोल्लास, ते तुजा त्वांड. पन लक्ष्मीच्या वलांडीवर दीड महिना येक बोंबील न्हाय. ते खरा बोलून सुकनार हाय का?"

धर्माजीने भात कालवला आणि तसाच ठेवला.

गावाने पेटीचं विचारलं तेव्हा तो फोड करून बोलला. तीन फळ्यांचं लाकूड पेटीतून. कण्याचं नाही. पेटी वादळाची आहे, कुऱ्हाडीची नाही. लोकांनी आपसांत म्हटलं, हा माणूस आहे की मीठ लावून सुकवलेली मासळी. बाकीच्या चौघांनी मात्र दुसऱ्याच दिवशी आपापल्या होड्यांना हात लावला. लाकूड आलं, माणसं उभी राहिली, आणि पौषाच्या आत चारी होड्या दर्यात गेल्या. वाळूत एकटी नाथाची राहिली.

कण्याचं लाकूड सोपं नसतं. सरळ, सबंध आणि मुरलेलं लागतं. धर्माजीने आपल्या पुढच्या होडीसाठी तसं एक लाकूड खाडीच्या चिखलात चार वर्षं पुरून ठेवलं होतं. जानेवारीतल्या एका सकाळी त्याने चार गडी लावून ते उकरलं आणि नाथाच्या दारात नेऊन टाकलं. तसाच परत निघून आला.

नाथा बाहेर आला, लाकडाभोवती एक फेरी मारली आणि ते तसंच टाकून आत गेला. चार दिवस लाकूड दारात. पाचव्या दिवशी लक्ष्मी धर्माजीच्या ओट्यावर आली.

"त्ये इचारतात, ह्याचा काय?"

"ह्याचा काय म्हंजे?"

"म्हनतात, दादूस फुकट कोनाला काय देत न्हाय. काय घेनार ते पयला सांगा. न्हाय तर उचलून न्या."

धर्माजीने तिच्याकडे बघितलं. आपला धाकटा भाऊ आपल्यालाच मांजरीच्या वाटीतली पावडर समजतोय, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. त्याला राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे पोराचं. आपण त्याच्या जागी असतो तर आपणही हात लावला नसता.

"त्याला सांग, होली होईस्तोवर माज्या होरीवर खलाशी म्हनून यायचा. वाटा मिलनार न्हाय."

"वाटा न्हाय तर खानार काय आमी?"

"अर्धा वाटा," धर्माजी घाईने म्हणाला. "अर्धा लाकराला, अर्धा तुमाला. त्याच्यापरीस कमी न्हाय."

कृष्णाबाई आतून ऐकत होती. तिने भांडं जोरात आपटलं.

नाथा दुसऱ्या दिवशी होडीवर आला. पहाटे दर्यात, दुपारी किनाऱ्यावर आपल्या होडीचं काम. वाटणीच्या वेळी धर्माजी अर्धा वाटा म्हणून जी पाटी बाजूला सारायचा ती अर्ध्याच्या मानाने चांगली भरलेली असायची. नाथा वरचे बोंबील उचलून परत धर्माजीच्या ढिगात टाकायचा. रोज. दोघांनी एका शब्दाने त्याची वाच्यता केली नाही. इतर खलाशी हा खेळ बघायचे आणि तोंड फिरवून हसायचे.

सरकारची मदत अक्षय्यतृतीयेच्या पुढे आली, होड्या पावसाळ्यासाठी वर ओढायची वेळ झाली तेव्हा. पाचांना दीडशे-दीडशे. गोपीनाथ म्हणाला, बघा, आले ना. आले होते हे खरं. नाथाने त्या पैशाचं नायलॉनचं सूत घेतलं. धर्माजीने ते सूत हातात धरून ओढून बघितलं, तुटलं नाही. तरी दोन-तीनदा ओढलं. पण हे फार नंतरचं.

त्याआधी, माघातल्या भरतीला, नाथाची होडी पाण्यात जायची होती. नव्या होडीपुढे घरातल्या मोठ्याने नारळ फोडायचा असतो. नाथाने नारळ कृष्णाबाईच्या हातात दिला. बाईमाणसाने फोडायचा म्हणून दोघा-तिघांनी नाकं मुरडली, पण तिने पदर खोचला आणि फोडला. धर्माजी वरच्या अंगाला खडकापाशी उभा होता, काम नसल्यासारखा, डोळा बारीक करून.

माणसांनी खांदे लावले. "हेय बा" म्हणत होडी सरकली आणि अर्ध्या वाटेत चिखलात रुतली. पुन्हा जोर केला. हलेना. भरती उतरायला लागली तर होडी अजून पंधरा दिवस बाहेर राहणार होती. बोंबलाचे तेवढेच दिवस उरले होते. लक्ष्मीनेही पोर खाली ठेवून हात लावला.

धर्माजी खडकावरून उतरला. कुणी बोलावलं नव्हतं. तो मागच्या बाजूने आत शिरला, नाथाच्या शेजारी जेवढी जागा होती तिच्यात घुसला आणि नव्या कण्यापाशी खांदा दिला. आपलं लाकूड कणा झाल्यावर त्याने पहिल्यांदाच हाताने चाचपून बघितलं. तेल चांगलं पाजलं होतं. एक फट मात्र त्याला जरा मोकळी वाटली.

होडी हलली. एक हात, दोन हात. धर्माजीचा पाय चिखलात घसरला, खांदा सुटला.

"सरक तिकरं," नाथा समोर बघत म्हणाला. "तुजा पाय थरत न्हाय. फुरं धर."

दोन-अडीच महिन्यांत भाऊ त्याच्याशी एवढंच बोलला होता. धर्माजी पुढे जाऊन नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, लागला. पाण्याने होडी उचलून घेतली, तसे सगळे मागे हटले.

घरी येताना कृष्णाबाई म्हणाली, "बोल्ला ना तुज्यासंगाती?"

"बोल्ला," धर्माजी म्हणाला. थोडं चालला. मग थांबून मागे, होडीवर चढणाऱ्या भावाकडे बघत राहिला. "पन मना फुरं कशाला धारला? वजन तर मांगं व्हता."

"माजे आयव," कृष्णाबाई म्हणाली, "चल आता घरी," आणि रिकामी पाटी डोक्यावर घेऊन पुढे चालायला लागली.